पेल्यातलं झाड

महालक्ष्म्या यायच्या आठ दिवस आधी आमच्या ओट्यावर चांदीची भांडी निघतात. तबक, निरांजनं, अत्तरदाणी आणि आजेसासूबाईंची फुलपात्रं. वर्षभर कपाटात नुसतं बसवून ठेवल्याचा राग काढावा तशी ती काळी पडलेली असतात. मी टूथपावडर आणि जुन्या पातळाचा तुकडा घेऊन बसले होते, तेवढ्यात पुतणी काचेचा पेला घेऊन आली.

"काकू, हा इथे ठेवते. हलवू नको हं."

पोरगी एम.एस्सी.ला आहे, केमिस्ट्री घेऊन. तिच्या 'हलवू नको'ला आमच्या घरात सोवळ्याइतका मान आहे.

पेल्यात दिसायला नुसतं पाणी. १०० मिलिलिटर पाण्यात १.७ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट, म्हणजे चांदीचा एक क्षार, विरघळवलंय, असं ती म्हणाली. मग पॉलिशपेपरनं लख्ख घासलेली तांब्याची तार वेटोळं करून तिनं अलगद आत सोडली.

दोन मिनिटांत तार काळवंडली. मग तिच्यावर राखाडी लव आली, सुरवंटासारखी. मी चौथं निरांजन घासत होते तोवर त्या लवेच्या सुया झाल्या होत्या. सुयांना फांद्या फुटल्या, फांद्यांना उपफांद्या, नेच्याच्या पानासारख्या. चष्मा वर-खाली करून पाहिलं तर पुष्कळशा फांद्या खोडापासून साधारण ६० अंशांतच निघालेल्या. इकडे मी चांदीवर पांढरी पूड चोळून चमक आणायला धडपडत होते आणि तिकडे चांदी आपली आपण उगवत होती. जरा अपमानच वाटला.

हळूहळू पाणी निळसर झालं. तो तांब्याचा रंग. तांब्याचा एक अणू पाण्यात उतरला की चांदीचे दोन अणू पाण्यातून बाहेर पडतात. वजनात मांडलं तर ६३.५ ग्रॅम तांबं गेलं की सुमारे २१६ ग्रॅम चांदी हाती येते. आमच्या इंदुरात कुणा व्यापाऱ्यापुढे हे वाक्य अर्धवट बोलू नये, तो लगेच पार्टनरशिप मागेल. कारण चांदी आधीपासून पाण्यातच असते, तांबं तिला फक्त बाहेर काढतं, हा पुढचा भाग ऐकायला तो थांबणार नाही.

तशी सराफ्यात ही गोष्ट नवी नाही. लहानपणी बाबांबरोबर तिथल्या एका बोळात गेले होते. डोळ्यांना झोंबणारा वास होता. मोडीतली चांदी शोऱ्याच्या तेजाबात, म्हणजे नायट्रिक अ‍ॅसिडात, विरघळवून एक म्हातारे गृहस्थ त्या निळ्या पाण्यात तांब्याचा पत्रा बुडवून बसले होते. पत्र्यावर करडा चिखल साचत होता. "ये क्या है?" मी विचारलं. "चांदी है बेटा, अभी मुँह नहीं धोया," ते म्हणाले. तोंड न धुतलेली चांदी मी त्यानंतर आज पाहिली, आणि हिनं तर वेणीफणीसुद्धा केलेली.

युरोपातल्या किमयागारांनी अशाच झाडाला 'डायनाचं झाड' म्हटलं. ते पाऱ्याचाही वापर करत. डायना ही रोमन लोकांची चंद्राची देवी, आणि त्यांच्या लेखी चांदी म्हणजे चंद्राचा धातू. आपल्याकडेही चंद्र, चांदणं, चांदी एकाच घरातल्या.

पण झाडच का? तारेवर सरळ कल्हईसारखा थर का चढू नये?

पुतणीनं भाजीच्या पिशवीमागच्या कोऱ्या बाजूवर टिंबं काढून समजावलं. चांदीचे कण पाण्यात दारुड्यासारखे फिरतात, दिशा नाही, इरादा नाही. जिथे पहिल्यांदा टेकतील तिथे चिकटतात. सुरुवातीला एखादं टोक उगाच, योगायोगानं, केसभर पुढे आलेलं असतं. भटकणारा कण आधी त्यालाच धडकतो, म्हणून ते आणखी पुढे येतं, म्हणून त्याला आणखी कण मिळतात. मागच्या खाचेपर्यंत कुणी पोचतच नाही. १९८१ साली विटेन आणि सँडर या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी संगणकावर एवढाच नियम घालून कण सोडले, तर पडद्यावर अशाच फांद्या पसरल्या. बी नाही, मूळ नाही, आतून चढणारा रस नाही. सगळी वाढ बाहेरून येऊन टेकणाऱ्यांची.

"म्हणजे रात्रीचा सराफा," मी म्हटलं. दिवसा तिथे सोन्याचांदीची दुकानं, ती मिटली की त्याच गल्लीत खाण्याचे ठेले. राजवाड्याकडून लोक आत शिरतात, मनात काही ठरलेलं नसतं, आणि तोंडाशी जो गराडूचा कंद तळत असतो त्याच्यापाशी अडकतात. आतल्या बाजूचा गराडूवाला, कदाचित जास्त खमंग तळणारा, बिचारा कढईकडे बघत बसतो.

"पण काकू, गिऱ्हाईक नाव ऐकून आतपर्यंत जातं. चांदीला नाव ऐकू येत नाही."

हे मला पटलं. भुट्ट्याच्या किसासाठी मी स्वतः चार दुकानं ओलांडते.

रात्री झोपताना पेल्यात बोरूच्या बेटासारखी दाटी झाली होती. सकाळी दुधाचं पातेलं ठेवायला जागा हवी म्हणून मी पेला सरकवला. दोन बोटं, जास्त नाही. सगळं झाड न वाजता तळाशी बसलं, भिजल्या राखेसारखं. घाईघाईनं तारेला सावरायला गेले आणि बोट पाण्यात बुडालं.

पुतणी रागावली नाही, हेच जास्त लागलं. तिनं तो चिखल गाळून, धुऊन, वाळवून वजन केलं. सगळी चांदी उतरली असती तर १.०८ ग्रॅम भरली असती. थोडी कमी भरली. "उरलेली तुझ्या बोटावर," ती म्हणाली.

बोट तेव्हा स्वच्छ होतं. उन्हात वाळवणं घालून आले आणि काळं झालं. सिल्व्हर नायट्रेटचा हाच गुण मतदानाच्या शाईत वापरतात, १९६२ पासून देशभर. साबण, लिंबू, चिंच, टूथपावडर, कशालाही ते दाद देईना. कातडी झडेल तेव्हाच जाईल म्हणे.

महालक्ष्म्यांच्या हळदीकुंकवाला लख्ख तबक पुढे केलं, तर शेजारच्या वहिनींची नजर तबकावर ठरेचना.

"अहो, मतदान कधी झालं? आम्हाला कुणी सांगितलंच नाही!"