पेव उघडल्यावर

सांगलीचा माणूस नाटकावर बोलायला लागला की १८४३ सालात शिरतोच. विष्णुदास भावे, 'सीतास्वयंवर', पटवर्धन सरकारांचा आश्रय. तेवढं उरकून मी थेट आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनावर येतो.

आम्ही दहावीत असताना मराठीच्या सरांनी स्वतः एक छोटी नाटिका लिहिली. विषय सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांचा. जमिनीत खोल खणलेल्या पेवात हळद वर्षानुवर्षं राहायची, कीड लागायची नाही. नाटिकेतला शेतकरी लेकीच्या लग्नासाठी राखलेली हळद जिवलग मित्राच्या भरवशावर पेवात ठेवतो. मित्र ती परस्पर विकून पैसा सट्ट्यात घालवतो. लग्न ठरतं आणि पेव उघडायचा दिवस येतो.

पेव उघडल्या उघडल्या आत उतरत नाहीत, हे आताच्या मुलांना सांगावं लागेल. आत प्राणवायू नसतो. तोंड उघडं टाकून थांबायचं, मग कंदील सोडायचा; विझला तर आणखी थांबायचं. सरांनी सगळं नाटक या थांबण्यात बसवलं होतं. कंदील खाली पोचला की रिकामं पेव दिसणारच. मित्राला जे बोलायचं ते त्याआधी. पुढं स्पर्धांतल्या पुष्कळ एकांकिका पाहिल्या, पण इतकी घट्ट बांधणी क्वचितच दिसली.

मी शेतकरी होतो. मित्राचं काम करणारा गडी रडण्यात पटाईत. तालमीत माझे पाय धरून हमसून हमसून रडायचा. सर म्हणाले, "तू रडलास की लोक तुझीच कीव करतात. नुकसान त्याचं झालंय." मग त्याच्या संवादातला सावकार गेला, आजारी बायको गेली. राहिलं एवढंच: "पेवात काय न्हाई गड्या. तुजी हळद मी इकली. चुकलं माजं."

शेवटी दोघांनी गळाभेट घ्यावी, असं आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं. बक्षीस समारंभाला पाहुणे येणार, शेवट गोड हवा! सर ऐकेनात. "पडदा पडायच्या आत त्यानं माफ केलंच पाहिजे, ही कुठली जबरदस्ती?" त्यामुळं माझं शेवटचं वाक्य राहिलं, "लगीन म्होरल्या म्हैन्यात हाय. पैसं कवा देतूस?" मित्र हप्ते सांगतो, शेतकरी ते बोटांवर मोजतो, आणि पडदा.

टाळ्या जरा बिचकतच पडल्या. नंतर मार्केट यार्डात हमाली करणारे एक पालक विंगेत आले. आम्ही शाबासकीच्या तयारीत. ते म्हणाले, "कंदील लई लवकर सोडला. असं केल्यावर माणूस मरतंय."

२००५ च्या महापुरात हरिपूरच्या बऱ्याच पेवांत पाणी शिरलं. नाटिकेची वहीही कुठं गेली कळत नाही. कुणाच्या माळ्यावर सापडलीच तर शाळेच्या महोत्सव समितीकडं द्यावी. मित्राचं काम करायला आमचा गडी अजून तयार आहे. रडणार नाही म्हणतो.