यापो ते अंत्युखिया: ताटावरच्या वादाच्या मागावर

यापोच्या जुन्या गावात दीपगृहाजवळच्या अरुंद गल्लीत एक दार दाखवतात. कातडी कमावणाऱ्या शिमोनाचं हे घर, येशूचा प्रमुख शिष्य पेत्र इथे उतरला होता, असं सांगतात. दार बंद असतं. खासगी मालमत्ता आहे, आत सोडत नाहीत, आणि आजची इमारत पहिल्या शतकातली नाही हेही उघड आहे. तरी हा मार्ग (येशूच्या ज्यू शिष्यांनी विदेश्यांबरोबर, म्हणजे ज्यू नसलेल्यांबरोबर, जेवावं का या वादाचा) मी इथूनच धरायला सांगतो, कारण नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांचा १०वा अध्याय वाचायला यापोचा समुद्र समोर असलेला बरा. घर समुद्राकाठी होतं असं तिथे मुद्दाम दोनदा म्हटलंय.

त्यामागे व्यावहारिक कारण आहे. कातडी कमवायला पाणी भरपूर लागतं आणि वास असह्य येतो. सुमारे इ.स. २००मध्ये संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहात हा धंदा गावापासून ५० हात लांब आणि फक्त पूर्वेच्या अंगाला करावा असा नियम आहे. नवऱ्याने हा धंदा धरला तर बायको सोडचिठ्ठी मागू शकते, अशीही तरतूद आहे. धंदा निषिद्ध नव्हता, पण इज्जतीचाही नव्हता. भर दुपारी, पोटात भूक असताना, अशा घराच्या गच्चीवर पेत्राला दृष्टांत होतो: चार कोपऱ्यांनी धरलेली चादर खाली येते, तिच्यात सगळ्या जातीचे प्राणी, ज्यूंना निषिद्ध असलेलेही, आणि ‘मारून खा’ अशी आज्ञा. हे तीनदा घडतं.

दुसऱ्या दिवशी पेत्र कैसरियाला निघतो. अंतर साधारण ५० किलोमीटर. आगगाडीने बिन्यामिनाला उतरून पुढे टॅक्सी करणं सोपं पडतं. शनिवारी गाड्या बंद असतात, शुक्रवारी दुपारपासूनच आटोपतं घेतात, तेव्हा हा टप्पा आठवड्याच्या मधल्या दिवसांत ठेवा. हेरोदाचं बंदर, नाट्यगृह, जलवाहिनी हे सगळं कुठल्याही मार्गदर्शिकेत मिळेल. आपल्या कामाचं इथे एवढंच की कर्नेल्य नावाचा रोमन शताधिपती इथे राहत होता आणि पेत्र त्याच्या घरात शिरला. परत यरुशलेमला गेल्यावर त्याच्यावर जो ठपका आला तो नीट वाचा (११:३). ‘त्यांना बाप्तिस्मा का दिलास’ असं कुणी विचारत नाही. ‘सुंता न झालेल्यांकडे गेलास आणि त्यांच्याबरोबर जेवलास’ ही तक्रार आहे. इथून पुढचा सगळा वाद पंगतीचा आहे.

यरुशलेममध्ये बहुतेक गट थेट सियोन डोंगरावरच्या माडीवरच्या खोलीकडे (येशूच्या शेवटच्या भोजनाची जागा मानतात) नेले जातात. मी आधी ज्यू वस्तीतलं वोल पुरातत्त्व संग्रहालय बघायला सांगेन. इ.स. ७०मध्ये रोमनांनी शहर जाळलं तेव्हा गाडली गेलेली श्रीमंत घरं इथे रस्त्याच्या पातळीखाली उघडी केली आहेत. दोन गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली, घराघरातली स्नानकुंडं. पायऱ्या पाण्याखालपर्यंत जातात, कारण पूर्ण अंग बुडायला हवं. किमान पाणी ४० सआ, म्हणजे आजच्या निरनिराळ्या अंदाजांप्रमाणे पाचशे ते हजार लिटर, आणि तेही घागरीने ओतलेलं चालत नाही, पावसाचं किंवा झऱ्याचं वाहत आलेलं लागतं. दुसरी गोष्ट दगडी भांडी. मऊ चुनखडीच्या अख्ख्या ठोकळ्यातून चरकावर कोरलेले मोठाले रांजण, शेजारी हाताने छिन्नीने तासलेले पेले. पेल्यांच्या अंगावर छिन्नीचे उभे पट्टे अजून स्पष्ट दिसतात. एवढा खटाटोप का? जुन्या करारातल्या लेवीय ११:३३ प्रमाणे मातीचं भांडं विटाळलं तर फोडून टाकावं लागतं. दगडाला विटाळ लागत नाही असा निवाडा होता. एकदा पैसे मोजले की पिढ्यानपिढ्या निर्धास्त. सोवळ्याओवळ्याचं स्वयंपाकघर ज्याने पाहिलंय त्याला हे हिशेब कुणी समजावून सांगायला नकोत.

हे पाहिल्यावर १५वा अध्याय वेगळा वाचला जातो. यहुदियातून काही माणसं सिरियातल्या अंत्युखियाला जाऊन सांगतात की मोशेच्या रीतीप्रमाणे सुंता झाल्याशिवाय तारण नाही. विदेश्यांत प्रचार करणारे पौल आणि बर्णबा भांडतात, प्रकरण यरुशलेमला येतं. साल साधारण इ.स. ४९. पेत्र बोलतो, पौल-बर्णबा आपला वृत्तांत देतात, पण ‘माझं मत असं आहे’ म्हणून निकाल कोण सांगतं? याकोब, प्रभूचा (येशूचा) भाऊ. तो येशूच्या बारा शिष्यांपैकी नव्हता. प्रेषितांचा अधिकार म्हणजे पेत्राची गादी, असं समीकरण मनात घेऊन येणाऱ्याला इथे पहिली ठेच लागते.

याकोबासाठी आर्मेनियन वस्तीतल्या संत याकोबाच्या कॅथीड्रलमध्ये जा. त्याच्या अस्थी मुख्य वेदीखाली आहेत अशी तिथली परंपरा आहे (बारांपैकी याकोबाच्या शिराचं देवघर बाजूला आहे, दोघांची गल्लत होते, पाट्या नीट बघा). हे चर्च दिवसभर उघडं नसतं. प्रार्थनेच्या वेळीच आत सोडतात, आणि बाहेरच्यांना दुपारी तीनच्या सुमाराची प्रार्थना सोयीची. वेळ ऋतूप्रमाणे बदलते, म्हणून आदल्या दिवशी फाटकावर विचारून ठेवा. माडीवरची खोली नंतर पाहिली तरी चालेल. तिच्या गॉथिक कमानी क्रुसेडकाळातल्या आहेत, भिंतीतला मिहराब (मक्केच्या दिशेचा कोनाडा) नंतरच्या मशिदीचा, आणि सभा याच खोलीत झाली असं कृत्यांत कुठेही लिहिलेलं नाही.

निकालाच्या पत्रात विदेश्यांवर चारच बंधनं आहेत: मूर्तीला दाखवलेला नैवेद्य, रक्त, गळा दाबून मारलेले प्राणी आणि जारकर्म. यादी विचित्र वाटते, पण लेवीय १७ आणि १८ उघडलं की धागा सापडतो. इस्राएलात राहणाऱ्या परक्या माणसालाही लागू असलेले नियम तिथे आहेत: परक्या वेदीवरचं बलिदान, रक्त, रक्त नीट न काढलेलं मांस, आणि निषिद्ध शरीरसंबंध. म्हणजे याकोबाने नियमशास्त्र बाजूला सारलं नाही. उलट त्याच शास्त्रातून, ज्यू न होता ज्यूंमध्ये राहणाऱ्यासाठी असलेला कप्पा उघडून दिला. मला हा निकाल कायदेपंडिताचा वाटतो, क्रांतिकारकाचा नाही. पुढे बेझा नावाच्या नव्या कराराच्या जुन्या हस्तलिखितात ‘गळा दाबलेले’ गळून पडलं आणि ‘जे स्वतःला नको ते दुसऱ्याला करू नये’ हे वाक्य आलं. स्वयंपाकघराचे नियम ज्यांना कळेनासे झाले त्यांनी यादी नीतिपाठ करून टाकली.

(आत कोण आणि ते ठरवायचं कुणी, हा प्रश्न या शहरात मराठी माणसांवरही आलेला आहे. १९६२मध्ये मुख्य रब्बींच्या कार्यालयाने कोकणातून गेलेल्या बेने इस्राएलांच्या लग्नांसाठी पूर्वजांची चौकशी सक्तीची केली. धरणं, मोर्चे झाले, आणि १९६४मध्ये ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं सरकारला जाहीर करावं लागलं.)

यरुशलेम ते अंत्युखिया सरळ रेषेतच जवळजवळ ५०० किलोमीटर. पायी दिवसाला २५ धरले तर तीन आठवड्यांची वाट. म्हणून पत्राबरोबर यहूदा बर्सब्बा आणि सीला ही माणसं पाठवली: पत्राचा अर्थ तोंडी सांगायला कुणीतरी लागतं. आणि म्हणूनच ‘याकोबाकडून आलेले काही जण’ अंत्युखियात पोचले की तिथली घडी विस्कटू शकते. आज हा रस्ता जमिनीने होत नाही. इस्राएल-लेबनॉन सीमा प्रवाशांना बंद आहे. तिसऱ्या देशातून विमानाने इस्तंबूल, तिथून हताय किंवा अदाना भागातला विमानतळ. अदानाहून अंताक्या बसने साधारण तीन तास.

अंताक्या म्हणजेच अंत्युखिया. इ.स.पू. ३००मध्ये सेल्युकसने वसवलेलं, ओरोंतेस (आजची आसी) नदीवरचं, रोमन सिरियाची राजधानी. ६ फेब्रुवारी २०२३च्या भूकंपात जुनं गाव जवळपास जमीनदोस्त झालं. हबीब-ए-नज्जार मशीद, ऑर्थोडॉक्स चर्च, बाजाराच्या गल्ल्या, सगळ्याला तडाखा बसला. इथे येताना जुने नकाशे आणि जुनी वर्णनं विसरा, आणि प्रत्येक ठिकाण उघडं आहे का हे आधी विचारा. डोंगराच्या कुशीतली संत पेत्राची गुंफा टिकली: साधारण साडेनऊ मीटर रुंद, १३ मीटर खोल, ७ मीटर उंच. दर्शनी भिंत क्रुसेडरांची, १८६३मध्ये कापुचिन साधूंनी नव्याने उभारलेली. आत फरशीवर मोझेइकचे तुकडे आहेत. त्यांचा काळ चौथ्या-पाचव्या शतकाचा, पेत्राचा नव्हे.

माझ्या मते अंत्युखियाचा खरा पुरावा गुंफेत नाही, पुरातत्त्व संग्रहालयाच्या मोझेइकमध्ये आहे. शहराबाहेर आठ-नऊ किलोमीटरवरच्या दाफ्नेत (आजचं हार्बिये) सापडलेल्या एका जमिनीवर तिसऱ्या शतकातलं अख्खं जेवण मांडलंय. चांदीच्या ताटांत आर्टिचोक, कपांत उभी ठेवलेली अंडी, मासा, पक्षी, पाव, आणि डुकराचे पाय व मांडी. पेत्र-पौलाच्या इथल्या प्रसंगानंतर (तो पुढे येतोच) दीडेकशे वर्षांचं हे चित्र, आणि सुखवस्तू घरचं. पण ग्रीक अंत्युखियात पाहुण्यापुढे काय येऊ शकत होतं ते यातून दिसतं. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार योसेफस सांगतो की इथली ज्यू वस्ती मोठी होती आणि कितीतरी ग्रीक तिच्या उपासनेकडे ओढले जात. दोन्ही पंगती एका गावात, एकमेकींना दिसतील अशा.

पौलाच्या गलतीकरांस पत्राचा अध्याय २ इथे वाचावा. केफा, म्हणजे पेत्र, विदेश्यांबरोबर जेवत होता. याकोबाकडची माणसं आली तसा तो बाजूला झाला. बाकीचे ज्यू त्याच्यामागे गेले, बर्णबासुद्धा. पौलाने सर्वांसमोर, तोंडावर विरोध केला. पेत्राचं उत्तर पौल देत नाही. वाद जिंकल्याचंही तो म्हणत नाही, आणि जिंकला असता तर पौलाने ते लिहायचं सोडलं नसतं. चार बंधनांच्या पत्राचा तर या सगळ्यात उल्लेखच नाही. उलट यरुशलेमच्या ‘आधारस्तंभांनी’ गरिबांची आठवण ठेवा एवढंच सांगितलं, असं तो लिहितो. गलती २मधली भेट म्हणजे कृत्ये १५ की त्याआधीची ११:३०ची, यावर अभ्यासकांत आजही दोन तट आहेत. वाटाडे दोन्ही वृत्तांत गुंफून एकच गोड गोष्ट सांगतात. ऐकून घ्या, पण दोन्ही उतारे वेगवेगळे वाचा. शिवाय तोच पौल कृत्ये १६:३मध्ये लुस्त्रात ज्यू आईच्या तीमथ्याची सुंता करतो, तिथल्या ज्यूंखातर. ज्याला लागू त्याला लागू, ज्याला नाही त्याला नाही, असा त्याचा हिशेब दिसतो.

परतीत इस्तंबूलला पुरातत्त्व संग्रहालयात १८७१मध्ये यरुशलेमला सापडलेला एक शिलालेख शोधा. ग्रीक, सात ओळी: परक्याने मंदिराभोवतीच्या कठड्याच्या आत येऊ नये, पकडला गेल्यास ओढवणाऱ्या मृत्यूला तो स्वतः जबाबदार. अशाच दुसऱ्या लेखाचा तुकडा इस्राएल संग्रहालयात आहे, त्याच्या अक्षरांत लाल रंगाचे अंश टिकलेत. पौलाला अटक झाली ती याच कठड्यावरून, विदेशी माणसाला आत नेल्याच्या आरोपाने. आणि तो मंदिरात होता याकोबाच्याच सल्ल्यावरून: नवस केलेल्या चौघांचा खर्च भर, म्हणजे तू नियमशास्त्र पाळतोस हे लोकांना दिसेल (२१:२४). पुढच्याच वचनात याकोब त्याला ती चार बंधनं पुन्हा सांगतो, जणू पौल ती पहिल्यांदा ऐकतोय.

इस्तंबूलहून अजून चार दिवस हाताशी असतील तर अथेन्सला उतरून करिंथ करा, उपनगरी गाडी जाते. नैवेद्याच्या मांसावर पौलाने सविस्तर लिहिलं ते करिंथकरांना (१ करिंथ ८ ते १०), आणि बाजारात मिळेल ते न विचारता खा असं सांगताना यरुशलेमच्या पत्राचं नावही घेतलेलं नाही.