कुठपर्यंत येतो?

"लॅपटॉप चालूच होत नाही" असा फोन आला की मी आधी एकच विचारते, कुठपर्यंत येतो? समोरचा वैतागतो. होत नाही म्हणजे होत नाही, त्यात कुठपर्यंत काय! पण बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत मशीन बरेच टप्पे ओलांडतं, आणि कुठे अडलं त्यावर पुढचं सगळं ठरतं. दिवाच लागत नसेल तर अडॅप्टर, पिन, भिंतीवरचं सॉकेट बघायचं. दिवा लागतो, पंखा फिरतो पण पडदा काळा, तर पडद्यावर तिरका टॉर्च मारायचा. पुसट चित्र दिसलं तर मशीन सुरू आहे, पडद्यामागचा प्रकाश तेवढा गेलाय. तेही नाही तर चार्जर काढून, बॅटरी निघत असेल तर तीही काढून, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं. मग रॅम, म्हणजे मशीनच्या तात्पुरत्या स्मृतीची पट्टी, काढून पुन्हा बसवायची. मी रत्नागिरीत एका कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये काम करते. इथल्या पावसाळी दमटपणात रॅमच्या पट्टीचे संपर्क काळवंडतात, आणि जुलैत बंद पडलेली काही मशीनं नुसती रॅम काढून, पुसून, लावल्यावर उठतात.

वहिनीचा लॅपटॉप मात्र बराच पुढे येऊन अडत होता. लोगो यायचा, खाली गोल फिरायचं, मग निळा पडदा, रडका चेहरा, पुन्हा सुरू. दोन-तीन फेऱ्या झाल्या की "ऑटोमॅटिक रिपेअर", आणि शेवटी "दुरुस्त करता आलं नाही." वहिनी चिपळूणला लोकांची इन्कम टॅक्सची रिटर्न भरून देते. जुलै सुरू झालेला, ३१ तारीख डोळ्यांपुढे, आणि सगळ्यांचे फॉर्म-१६ आणि हिशेब त्या मशीनमध्ये. जवळच्या दुकानात दाखवला तर त्याने पाच मिनिटांत निकाल दिला, विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावा लागेल. वहिनीने लॅपटॉप उचलला आणि मला फोन केला. "अगं, तू बघेपर्यंत मी कुणाला हातसुद्धा लावू देणार नाहीये." हे तिचं मला फार आवडतं.

निळ्या पडद्याचा फोटो मागवला. खाली बारीक अक्षरांत कारण होतं: इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस. म्हणजे विंडोज निम्मं उठलं आणि ज्या डिस्कवर ते स्वतः बसलंय तीच त्याला सापडेना. डिस्क गेली असेल असं कुणालाही वाटेल. दादा शनिवारी लॅपटॉप घेऊन आला तेव्हा मलाही आधी डेटाचीच काळजी होती. उबुंटूचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या एका मोफत सिस्टिमचा, पेन ड्राइव्ह लावून त्यावरून मशीन सुरू केलं. हेतू एवढाच की डिस्कवर काही न लिहिता फाइली बाहेर काढून घ्याव्यात. पण उबुंटूलाही डिस्क दिसेना.

मग एफ-टू दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, गेले, आणि तिथे एसएसडी, म्हणजे तीच डिस्क, नावासकट, क्षमतेसकट यादीत हजर! मेलेली डिस्क अशी नाव सांगत नाही सहसा. वर कोपऱ्यात तारीख मात्र १ जानेवारी २०१८.

"वहिनी, मध्ये कधी तारीख चुकली होती का?"

फोनवर क्षणभर शांतता. मग म्हणाली, "हो की! मे महिन्यात बँकेची साइट उघडेना. कनेक्शन सुरक्षित नाही म्हणायची. दादाने तारीख बदलून दिली, मग उघडली."

साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते. लॅपटॉपच्या लेखी २०१८ साल चालू असेल तर ते प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नसतं, म्हणून ब्राउझर दार लावून घेतो. दादाने तारीख लावली हे बरोबरच, पण ती चुकली का हे तेव्हा कुणी विचारलं नाही. कारण होतं मदरबोर्डवरचा, बाकीची वीज तुटली तरी घड्याळ सांभाळणारा नाण्याएवढा सेल. सीआर २०३२, तीन व्होल्टचा. मोठ्या बॅटरीत जीव असेपर्यंत घड्याळ तिच्यावर चालतं आणि बारका सेल संपलाय हे कळतही नाही. जूनमध्ये वहिनी आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मालवणला गेली. लॅपटॉप चिपळूणला कपाटात, चार्जिंगशिवाय. मोठी बॅटरी पार उतरली, बारक्या सेलमध्ये आधीच काही नव्हतं, आणि मे महिन्यात नुसती तारीखच गेली होती, या वेळी बायोसने तिच्याबरोबर बाकीच्या सेटिंगही विसरून टाकल्या.

त्यात एक सेटिंग होती डिस्कशी कसं बोलायचं याची, "रेड" पद्धतीने की "एएचसीआय" पद्धतीने. कंपनीतून हा लॅपटॉप "रेड" लावून आलेला. नंतर कुणीतरी नवी एसएसडी टाकताना ते "एएचसीआय" करून त्यावर विंडोज चढवलं होतं. सेल मेला, सेटिंग मूळपदावर गेली, आणि एएचसीआयवर वाढलेलं विंडोज रेडमध्ये डिस्क शोधत बसलं. उबुंटूलाही त्याच कारणाने ती दिसली नाही. पुन्हा एएचसीआय केलं, तारीख लावली, एफ-टेन दाबून सेव्ह केलं. वहिनीचा गणपतीचा वॉलपेपर आला.

हे वाचून कुणी लगेच आपल्या बायोसमध्ये शिरून रेडचं एएचसीआय करू नका. तुमचं विंडोज रेडवरच चढवलेलं असेल तर चांगलं चाललेलं मशीन नेमका हाच निळा पडदा दाखवेल. शिवाय डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, असेल तर बायोसमध्ये हात घातल्यावर ते ४८ अंकी किल्ली मागू शकतं. ती बऱ्याचदा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असते, पण त्या खात्याचा पासवर्ड तरी आठवायला हवा. वहिनीच्या मशीनवर बिटलॉकर नव्हतं म्हणून मी निवांत होते.

मशीन उठल्यावर पहिलं काम म्हणजे सगळे फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर. मग मागचं झाकण उघडलं. लॅपटॉपमधला हा सेल पुष्कळदा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, दोन वायरी आणि इवलंसं कनेक्टर असलेला असतो. घड्याळाच्या दुकानातला सुटा सेल तिथे बसत नाही. मीटर लावला तर दोन व्होल्टही भरेनात. वायरीवाला सेल मिळाला तो बदलला, बायोसच्या सेटिंग पुन्हा तपासल्या, प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढला आणि वहिनीला पाठवून ठेवला.

त्या दुकानदाराने फॉरमॅट मारायला घेतला असता तर काय झालं असतं, हा विचार अजून डोक्यात आहे. विंडोजच्या इन्स्टॉलरलाही रेडमध्ये ती डिस्क बहुधा दिसली नसती. मग "एसएसडी पण गेली, नवीन टाकू" एवढंच बाकी राहिलं असतं, आणि चांगली डिस्क डेटासकट कचऱ्यात.

दादा म्हणतोय, ऑफिसच्या जुन्या डेस्कटॉपचं घड्याळही दर सोमवारी चुकलेलं असतं. शनिवार-रविवार तिथला मेन स्विच बंद असतो. त्याला सांगितलंय की त्यात सुटाच सेल बसतो, पण काढण्याआधी बायोसचे फोटो काढून ठेव.