म्हणे, कार्बोरेटर गेलं

संत्र्याची सल (झाडावरच्या वाळल्या फांद्या) काढायचं काम अर्ध्यात असताना चेनसॉ, म्हणजे लाकूड कापायची मशीन, बंद पडली की काय होतं ते ज्याच्यावर येतं त्यालाच कळतं. मे संपत आलेला, सकाळी ६ वाजता बादलीत बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी लागू नये म्हणून लावायचा लेप, कालवून ठेवलेली (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी), दोन गडी पाचशे रुपये रोजानं आलेले, मी वाळल्या फांद्या कापत पुढं जाणार आणि ते मागून कापल्या जागी ब्रशनं पेस्ट लावत येणार असा सगळा हिशेब. सात झाडं झाली आणि चेनसॉ बसली. रस्सी ओढ, ओढ, खांदा दुखायला लागला, कुठं दहा-पंधरा मिनिटांनी सुरू झाली, दोन झाडं झाली की परत बंद. बोर्डो काही उद्यासाठी राखून ठेवायची गोष्ट नाही, ज्या दिवशीची त्या दिवशीच लागते, म्हणजे पेस्ट गेली, रोज गेला, आणि दोन्ही गडी आंब्याखाली बसून तंबाखू मळत माझ्याकडं पाहून राह्यले.

तिथून पुढं जवळपास महिनाभर मी तीन दुकानं फिरलो. मोर्शी तालुक्यातलं आमचं गाव, तालुक्याच्या ठिकाणी दुकानं काही कमी नाहीत. फवारणी पंप, गवत कापायची मशीन, पॉवर वीडर, सगळं काचेमागं चकाचक मांडलेलं असतं. विकायला सगळेच आहेत हो. बिघडली की मग समजतं कोण नुसता विकणारा आहे ते.

पहिलं दुकान जिथून मशीन घेतली तेच. ५८ सीसीची, स्वस्तातली, कंपनीचं नाव कव्हरवरच्या स्टिकरपुरतं. घेताना मालकानं चहा पाजला होता, "भाऊ, सर्व्हिसचं टेन्शनच घेऊ नका" म्हणाला होता. या वेळी काउंटरवर एक पोट्टा बसलेला, मोबाईलमधून मान वर न करता विचारतो काय झालं. मी म्हटलं गरम झाली की बंद पडते. रस्सी ओढून पाहिली नाही, टाकीचं झाकण उघडलं नाही, प्लग काढला नाही, सरळ म्हणे कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) गेलं. ठेवून जा. मी म्हटलं पावती? तर मशीनच्या हँडलवर खडूनं माझं आडनाव लिहिलं, तेही चुकीचं.

आठ दिवस म्हणाला होता, पंधरा लागले. फोन केला की "नागपूरवरून माल येऊन राह्यला" हे एकच वाक्य. तो माल बहुतेक पायी येत होता. शेवटी १८५० रुपये दिले आणि मशीन घरी आणली. जुनं कार्बोरेटर मागितलं तर म्हणे ते फेकलं. आता हे मला तेव्हाच खटकायला पाहिजे होतं, कारण ज्यानं खरंच पार्ट बदलला तो जुना पार्ट तुमच्या हातात देतो, त्याला तो ठेवून काय करायचं, लोणचं घालायचं? पण कामाची घाई होती, मी गप बसलो. वरून त्यानं चेनला धार पण लावून दिली होती, फुकटात, ग्राइंडरवर. दात पाहिले तर निळे पडलेले. तेव्हा मला वाटलं धारेचा रंग असेल. नंतर समजलं की ग्राइंडर एका जागी जास्त दाबून धरला की दात तापून निळा पडतो आणि मग त्याचं पाणी उतरतं किंवा तो कडक होऊन बसतो, साधी कानस त्याच्यावर घसरते, धार धरत नाही. पंधरा दिवसांपूर्वी चेन कापत होती तेवढंही ती फुकटातली धार लावल्यावर कापेना. लाकडाचा किस पडायच्या ऐवजी पिठासारखा बारीक भुसा पडायला लागला.

आणि मशीन? दहा मिनिटं चालली. बंद.

परत गेलो तर मालक स्वतः होता. म्हणाला तुमच्या गड्यांना चालवता येत नाही. मी म्हटलं मी स्वतः चालवतो. म्हणाला मग तुम्हाला येत नाही. हे एक या दुकानदारांचं पाठ झालेलं असतं, मशीन त्यांची कधीच खराब नसते, हात आपलाच खराब असतो. (पुढं जे निघालं त्यात माझा हात खरंच होता, पण ते त्यानं सांगितलं नव्हतं, त्यानं नुसतं अंगावरचं झटकलं होतं.)

दुसरं दुकान म्हणजे गावातलंच टू-व्हीलरचं गॅरेज. पोरगा चांगला, मनानं साफ, पैसे पण घेत नव्हता. त्यानं पेचकस घेतला आणि कार्बोरेटरचे बारीक स्क्रू फिरवायला बसला. त्यातला एक असतो एच म्हणून, फुल रेसला किती पेट्रोल जायचं ते ठरवणारा, तो त्यानं आत आवळत नेला, आवाज एकदम पातळ आणि तिखट झाला, अशी किंचाळायला लागली की शेजारच्या गोठ्यातली वासरं उठून उभी राह्यली. "आता पाहा भाऊ, रॉकेट!" आणि खरंच पहिले तीन दिवस रॉकेटच होती. मी गावभर त्याची तारीफ केली.

त्यानं अजून एक केलं होतं, जे मला घरी आल्यावर दिसलं. पुढच्या हँडलजवळचा जो आडवा गार्ड असतो, जो पुढं ढकलला की चेन जागेवर थांबते, तो चेनब्रेक. त्याची आतली पट्टीच त्यानं काढून टाकली होती, का तर "उगा अडकून राह्यली होती." अरे बाबा, ती अडकण्यासाठीच आहे! चेन ज्याच्यावर फिरते त्या लांब पट्टीचं टोक फांदीला लागून मशीन तोंडाकडं उसळते तेव्हा तेवढंच एक असतं मधात. मला हे माहीत होतं आणि तरी मी तीन दिवस तशीच चालवली, काम पडलं होतं म्हणून. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

चौथ्या दिवशी धुऱ्यावरची वाळली बाभूळ कापत होतो. बाभळीचं लाकूड म्हणजे दगड, त्यात चेन बोथट, मी दाबून राह्यलो, मशीन किंचाळून राह्यली, आणि मधातच एकदम आवाज खाली आला आणि टक. रस्सी ओढली तर हलेचना. जाम.

मग कोणीतरी म्हणालं परतवाड्याला ने. तिकडं मेळघाटातल्या लाकडाचा डेपो, आरामशिन्या, दिवसभर लाकूडच कापणारे लोक, त्यांच्या मशीन कोणीतरी तर दुरुस्त करत असेल ना. चांदूर बाजारवरून मोटरसायकलला मागं बांधून नेली. टिनाचं शेड, बोर्ड नाही, बाहेर कडुलिंबाखाली एक बाज, आणि आत साठीच्या आसपासचा मिस्तरी. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही.

त्यानं मशीन हातात घेतली नाही. आधी विचारायला लागला.

"बंद पडाच्या आधी आवाज वाढे का कमी होये?"

मी आठवून सांगितलं, वाढायचा, मग बसायची.

"पेट्रोल कधीचं होतं?"

म्हटलं दिवाळीच्या वेळी भरलेलं थोडं होतं, त्यातच नवीन टाकलं.

"म्हणजे सहा-सात महिने टाकीतच? बरं. ऑइल किती टाकता?"

"झाकणानं टाकतो."

"कोणत्या झाकणानं?"

आता मी काय सांगू, ज्या बाटलीचं हाती येईल त्या बाटलीचं. तो काहीच बोलला नाही, नुसतं पाहिलं माझ्याकडं. शाळेत गणित चुकल्यावर मास्तर पाहायचे तसं.

मग त्यानं टाकीतलं पेट्रोल एका काचेच्या बाटलीत ओतलं, वास घेतला, मलाही घ्यायला लावला, जुन्या वॉर्निशसारखा आंबूस. टाकीतून कार्बोरेटरकडं जाणारी पातळ नळी चिमट्यानं बाहेर ओढली आणि बोटात वाकवली. ती वाकलीच नाही, चुरमुऱ्यासारखी मोडली. आजकाल पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि असं पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत पडलं की नळी कडक होते, कार्बोरेटरातला रबराचा पातळ पडदा पण कडक होतो. नळीला आधीच चीर गेलेली होती. मशीन गरम झाली की चीर उघडायची, पेट्रोलसोबत हवा ओढायची, आवाज वाढायचा आणि बसायची. एवढंच होतं पहिल्या दिवसापासून. नळी किती रुपयाची? चाळीस. कार्बोरेटर बदला नाहीतर सोन्याचं बसवा, नळी फुटकी असली तर काय होणार.

"मंग जाम काहून झाली?" हे मी विचारलं. त्यानं सायलेन्सरचे दोन बोल्ट काढले, मोबाईलचा टॉर्च लावला आणि म्हणाला या, पाहा आतमधी. धूर जायच्या त्या भोकातून पिस्टन दिसत होता, त्याच्यावर उभ्या रेघा, मांजरीनं ओरबाडल्यासारख्या. त्यानं समजावून सांगितलं की या मशीनमध्ये ऑइल वेगळं कुठून येत नाही, जे येतं ते पेट्रोलसोबतच येतं. एचचा स्क्रू आवळून पेट्रोल कमी केलं म्हणजे ऑइल पण कमी केलं, वरून इंजिन जास्त तापलं, आणि मी झाकणानं टाकलेलं ऑइल देवाच्या भरवशावर. "आवाज चांगला झाला म्हंजे मशीन चांगली झाली असं नसते जी. मरायच्या आधी दिवा मोठा होते."

ही पाच-सात मिनिटं मला दोन्ही दुकानांच्या महिनाभराहून जास्त शिकवून गेली, आणि अजून त्यानं एक रुपया मागितला नव्हता. नंतर खर्च सांगितला, तोही दोन प्रकारे. सिलेंडर-पिस्टनचा किट, नळी, फिल्टर, कार्बोरेटरचा पडदा, चेनब्रेकची पट्टी, नवी चेन, मजुरी धरून ३२०० च्या घरात. आणि सरळ म्हणाला की मशीन तुमची आठ हजाराची, लावायचे असतील तर लावा, नाहीतर हे पैसे साठवून कंपनीची घ्या, मी सांगतो म्हणून करू नका. गिऱ्हाईक परत पाठवायची तयारी असलेला दुकानदार मी फार कमी पाहिला. मी लावा म्हटलं.

सांगितल्या दिवशी मशीन मिळाली का? नाही. हे पण लिहिलं पाहिजे, नाहीतर वाटेल मी त्याची आरतीच ओवाळतो आहे. शनिवारी या म्हणाला, शनिवारी गेलो तर शेड बंद, फोन स्विच ऑफ, बाजूचा पानठेलेवाला म्हणे लग्नाला गेले. एवढ्या दुरून पेट्रोल जाळून गेलो होतो, तोंडात आलं ते मनातल्या मनात बोललो. मंगळवारी मिळाली. बिल नाही, पिशवीवर पेनानं आकडे लिहिलेले. पण त्या पिशवीत जुना पिस्टन, जुनी नळी, जुना पडदा, सगळं होतं.

आणि चालू करून दाखवली ती कशी, तर आधी हळू चालू ठेवून म्हणाला पाहा, चेन फिरत नाही ना? हळू असताना चेन फिरली म्हणजे सेटिंग चुकलं. मग पट्टीचं टोक एका पुठ्ठ्याजवळ धरून रेस दिली, पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली, म्हणजे चेनला तेल पोचून राह्यलं. मी चेनच्या तेलाच्या टाकीत ट्रॅक्टरचं काढलेलं काळं तेल टाकायचो, ते पण त्याला वासावरून समजलं होतं, त्याच्यावर वेगळं प्रवचन झालं. शेवटी गार्ड ढकलला, चेन जागच्या जागी थांबली.

मी त्याला विचारलं, की बाकीचे असं का करत नाहीत. तर त्यानं शेडच्या मागं नेलं. तिथं वीसेक मशीन धूळ खात पडलेल्या, कटर, पंप, गवत कापायच्या मशीन. दुरुस्त झालेल्या. कापूस विकला की नेतो, संत्र्याच्या व्यापाऱ्यानं पैसे दिले की नेतो, असं सांगून गेलेल्या लोकांच्या, काही तर दोन दोन वर्षांपासून. पार्टचे पैसे त्याच्या खिशातले गेलेले. तालुक्याच्या त्या दुकानदाराचं मी समर्थन नाही करत, पण आपण कास्तकार लोक पण काही कमी नाही, मशीन भुशासकट नेऊन आदळतो आणि आजच पाहिजे म्हणतो, आणि पैशाच्या वेळी आपला दिवाळीचा वायदा.

आता मी लिटरला मोजून ऑइल टाकतो, माझ्या मशीनला त्यानं ४० मिली सांगितलं आहे, मेडिकलमधून औषधाचं माप आणून डब्याला दोरीनं बांधून ठेवलं आहे. चांगलं भारीचं ऑइल असलं आणि मशीनच्या पुस्तकात ५० ला १ (५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल) लिहिलं असलं तर लिटरला २० मिली पुरतं, पण पुस्तक पाहून, अंदाजानं नाही. धार घरीच लावतो, माझ्या चेनला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते, प्रत्येक दाताला सारखेच फटके. आणि काम संपलं की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायची, मग टांगून ठेवायची.

परवा फवारणीसाठी पंप काढला तर रस्सी ओढून ओढून हात दुखला. टाकी उघडली, तोच वॉर्निशचा वास. मागच्या हंगामापासून भरलेली. येत्या सोमवारी परतवाड्याला नेतो आहे, तो काय बोलणार ते मला आधीच ऐकू येऊन राह्यलं आहे.