म्हातारीचा बूट आणि बावला खून

रविवार, रात्रीचे साडेअकरा.

आज पोरांना मुंबईत मलबार हिलवरचा म्हातारीचा बूट दाखवायला नेलेलं. पोरं आत वर-खाली करत होती, मी बाहेर भेळ खात उभा, आणि एकदम डोक्यात आलं, अरे, बावला खून याच मलबार हिलवर झालेला ना.

१२ जानेवारी १९२५. मुंबईचा श्रीमंत व्यापारी अब्दुल कादर बावला आणि इंदूरच्या दरबारातली नर्तकी मुमताज बेगम संध्याकाळी मोटारीतून हवा खायला निघालेले, दुसरी गाडी येऊन धडकली, त्यातल्या लोकांनी बावलाला गोळ्या घातल्या आणि तिला ओढून न्यायला लागले, चेहऱ्यावर वार केले ते वेगळेच. तेवढ्यात गोल्फ खेळून परतणारे गोरे लष्करी अधिकारी तिथं टपकले आणि त्यातला एकजण चक्क गोल्फची काठी घेऊन पिस्तूलवाल्यांना भिडला! ते नसते तर मुमताजला उचलून नेलीच असती.

मारेकरी पकडले गेले, नऊ आरोपी, एकाचे वकील तर मोहम्मद अली जिना, तिघांना फाशी सुनावली. म्हणून केस सुटली म्हणायची. पण हुकूम कुणाचा होता? मुमताज इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांच्याकडून निसटलेली. ब्रिटिश सरकारनं त्यांना सांगितलं की चौकशी आयोगाला सामोरं जा नाहीतर गादी सोडा, तर त्यांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये गादी सोडली, मुलगा यशवंतराव बसला, विषय संपला. कोर्टाची पायरी नाही चढावी लागली. आता याला कबुली म्हणायची का? मला नाही वाटत, आयोगापुढे उभं राहायचं म्हणजे संस्थानिकाची अब्रूच गेली, निर्दोष माणसानंही कदाचित हेच केलं असतं. (तुकोजीरावांनी १९२८ ला अमेरिकन मुलीशी लग्न केलं, ती शर्मिष्ठादेवी झाली, तो किस्सा लोकांना जास्त माहीत असतो.)

मला सलतं ते वेगळंच. मुमताजनं कोर्टात सांगितलेलं की इंदूरला तिला मुलगी झाली आणि नर्सनी ती मारली, म्हणून तिला तिथं राहायचं नव्हतं. खरंखोटं देव जाणे, पण बावलासाठी एवढा खटला चालला, राजाची गादी गेली, आणि त्या बाळासाठी एकावरही केस नाही.

येताना टॅक्सीत बायकोला हे सांगायला लागलो तर म्हणाली, पोरांसमोर नको.