बार्शी लाईटचा बांध

गेल्या हिवाळ्यात केलेली एक हद्दकायम मोजणी अजून डोक्यातून जात नाही. गाव बार्शी तालुक्याच्या पूर्वेकडचं. अर्जदार आणि लगतचा कब्जेदार सख्खे चुलत भाऊ. मागणी एका ओळीची: आमच्या दोघांमधली हद्द दाखवा.

दोघांच्या मधून पूर्वी बार्शी लाईट रेल्वे जायची. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं २ फूट ६ इंची गेजची ही लाईन १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आणली. १९११ मध्ये ती लातूरला पोचली. एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार द्यायचा नाही, हा त्याचा हिशेब. त्यामुळे हलके रूळ चालायचे, आणि टेकाड आलं की लाईन बिनदिक्कत वळसा घ्यायची. २००८ मध्ये इथून ब्रॉडगेज धावू लागली. तिला असली वळणं कुठून परवडणार? हे वळण मागंच राहिलं.

रूळ होते तोवर भांडण नव्हतं, लाईन हाच बांध. रूळ उचलले, तसा थोरल्यानं वरून नांगर सरकवला, धाकट्यानं खालून. जेसीबीनं भराव सपाट झाला, वर काळी माती पडली. नांगराला नांगर भिडला आणि प्रकरण पोलिसांत गेलं.

लोकांना वाटतं, माझ्यासारखा भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीदार, येऊन हद्द ठरवतो. आम्ही ठरवत काही नाही, जुनी शोधतो. मूळ टिपण, म्हणजे पहिल्या मोजणीची नोंद, लाईनच्याही आधीचं, ३३ फुटी साखळीनं शंकू टाकून, म्हणजे काटकोनात मापं घेत, मोजलेलं. साखळीचे १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. त्या टिपणात दोन्ही सर्व्हे नंबरांमधली हद्द सरळ आहे. रेल्वेसाठी जमीन घेतली तेव्हाच्या संपादनाच्या शीटवर, म्हणजे नकाशावर, मात्र दीड साखळी रुंद, बारा साखळ्या लांब असा कमानदार पट्टा. दोन्ही एकमेकांवर बसवायचे तर जागेवर पक्की खूण हवी, आणि हद्दीचे दगड कधीच कुणाच्या तरी गोठ्यात गेलेले.

"रोव्हर आहे की सर," आमचा नवा पोरगा म्हणाला. रोव्हर, म्हणजे उपग्रहावरून जागा मोजणारं यंत्र, तुम्ही कुठं उभे आहात ते सांगतो, हद्द कुठं आहे ते नाही. हे सांगून सांगून थकलो.

ओढ्याकाठी घाणेरीच्या झुडपांत मोरी सापडली. घडीव दगडाची, दोन्ही कठडे शाबूत. कठड्यांच्या बरोबर मधून लाईनचा मध्य जाणार. दुसऱ्या टोकाला रेल्वेच्या माणसानं हद्दीचा खांब म्हणून गाडलेला रुळाचा तुकडा दाखवला. मधली कमान हरभऱ्यानंच दाखवली. वर माती टाकली तरी खाली मुरूमच. तेवढ्या पट्ट्यात पीक वीतभर आणि पिवळं. शीटवरचे शंकू टाकत गेलो, ते त्या पिवळ्या कडेला फूटभराच्या फरकानं बसले. असं काम रोज होत नाही. बघायला मात्र कुणालाच वेळ नव्हता, दोघं भाऊ एकमेकांकडंच बघत होते.

पट्टा रेल्वेचा, असं सांगितल्यावर थोरला म्हणाला, "सायेब, आमच्या आज्याची जमीन घेतली. आता रेल्वे गेली, मग जमीन माघारी आमचीच की." तसं होत नाही. वापर थांबला म्हणून संपादित जमीन आपोआप मूळ मालकाकडं येत नाही. पण हे शेतात उभं राहून कुणाला पटतं?

खरी गोम कमी-जास्त पत्रकात, म्हणजे क्षेत्रातल्या बदलांच्या नोंदीत, आहे. पट्ट्याचे १८ गुंठे सगळे थोरल्याच्या नंबरातून वजा झालेत. टिपणाची सरळ हद्द कमानीवर टाकली, तर त्यातले ७ गुंठे धाकट्याच्या बाजूचे निघतात. म्हणजे तीन पिढ्या एकाच्या सातबाऱ्यावर कमी, दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर जास्त. क्षेत्र दुरुस्त करणं माझ्या अधिकारात नाही, त्याचा अर्ज वेगळा. अर्जात विचारलेली होती हद्द, ती मी दाखवली. क्षेत्राचं कुणी विचारलं नाही, मी बोललो नाही.

आता दोघांनी मिळून निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी, लावलीय. विहिरीच्या पाण्याची पाळी एकमेकांना न देणारी माणसं माझ्याविरुद्ध एकाच अर्जावर सह्या करून मोकळी झाली. फी सुद्धा निम्मीनिम्मी. वरिष्ठ येतील, टिपण आणि शीट तपासतील. कमी-जास्त पत्रक त्यांनी मागितलं तर प्रश्नच नाही. नाही मागितलं, तर आपण होऊन पुढं करायचं का, हे माझं अजून ठरत नाही.