एकच डेन्सिटी, एकच एमएफआय, तरी मल्चिंग पेपर फाटतोय

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं प्लास्टिक फिल्मचं युनिट आहे आणि मी क्वालिटी बघतो. मुख्य माल मल्चिंग पेपर, दिंडोरी-निफाड भागात टोमॅटो-मिरचीच्या बेडवर अंथरतात तो. सीझनच्या तोंडावर पर्चेसने एलएलडीपीईचा, म्हणजे ही फिल्म मुख्यतः ज्या पॉलिथिलिनची बनते त्याचा, दुसरा, स्वस्त दाणा उचलला. माल बाजारात गेला आणि डीलरचे फोन सुरू झाले: ताणून अंथरताना पेपर रोपाच्या भोकापासून उभा फाटत जातो.

पर्चेसवाले ऐकायला तयार नव्हते. डेन्सिटी दोन्ही दाण्यांची ०.९१८, एमएफआय (वितळल्यावर दाणा किती सहज वाहतो तो आकडा) १. मग बोंब कसली?

दोन्ही डेटाशीट शेजारी ठेवल्यावर फरक सापडला तो एका ओळीत. जुन्या दाण्यात कोमोनोमर (साखळीला फांद्या याव्यात म्हणून इथिलिनसोबत घालतात तो दुसरा रेणू) ऑक्टीन, नव्यात ब्यूटीन.

पॉलिथिलिनची साखळी बिनफांदीची असेल तर साखळ्या नीट घड्या घालून लगटून बसतात आणि क्रिस्टल भरपूर होतात. एचडीपीई ते हेच: डेन्सिटी ०.९४१च्या वर, वितळायला १३० अंश लागतात. फांद्या आल्या की हे जमत नाही. उसाची मोळी घट्ट बांधता येते, बाभळीच्या फांद्यांची नाही. म्हणून एलडीपीई हलकं, मऊ, ११० अंशांच्या आसपास वितळणारं. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण फांदी केवढी, हे कुणी विचारत नाही. ब्यूटीनमुळे येणारी फांदी दोन कार्बनची असते, ती थोडीफार क्रिस्टलमध्ये सामावून जाते. ऑक्टीनची सहा कार्बनची. ती आत मावत नाही. तिथे साखळीला क्रिस्टलबाहेर पडावं लागतं आणि बऱ्याचदा ती पुढच्या क्रिस्टलमध्ये शिरते. क्रिस्टलांना जोडणाऱ्या याच साखळ्या फाटताना ताण झेलतात. क्रिस्टल साधारण किती, ते डेन्सिटी सांगते. एकमेकांना किती धरून आहेत, ते नाही.

मालकांना हे तोंडी पटणं शक्य नव्हतं. बाहेरच्या लॅबमधून डीएससी (दाणा कुठल्या तापमानाला वितळतो ते दाखवणारी टेस्ट) करून आणली, तर वितळण्याची दोन्ही शिखरं जवळजवळ एकाच तापमानाला! "याचे पैसे दिले आपण?" एवढंच ते म्हणाले. मग आमच्याच मशीनवर ट्रायल लावली. तोच डाय (वितळलेलं प्लास्टिक ज्यातून फुग्यासारखं फुगत वर निघतं तो साचा), तोच मायक्रॉन, काळा मास्टरबॅच (रंगाचा दाणा) बंद. बिनरंगी फिल्म काढताना फुग्याकडे बघत उभं राहावं असं असतं: डायमधून नितळ वर येतो आणि ठरावीक उंचीला, फ्रॉस्ट लाइनवर, एकदम धुरकटतो. क्रिस्टल होताना डोळ्यांना दिसतात ते असे. मग डार्ट टेस्ट, ६६ सेंटिमीटरवरून फिल्मवर वजन सोडायचं. ब्यूटीनची फिल्म फारच कमी वजनाला फुटत होती. उभ्या दिशेच्या टिअर टेस्टलाही तोच निकाल. मालकांनी दोन्ही तुकडे स्वतःच्या हाताने फाडून बघितले, तेव्हा कुठे विषय पुढे सरकला.

ऑक्टीन परवडेना, म्हणून मधला हेक्झीन घेतला. त्याची फांदी चार कार्बनची. आणि मिक्समधलं एलडीपीई कमी केलं. त्याच्या लांब फांद्यांनी फुगा स्थिर राहतो हे खरं, पण जास्त पडलं की फिल्म उभी लवकर फाटते. ते कमी करताच ऑपरेटरची कुरकुर सुरू झाली: "साहेब, फुगा नाचतोय, मोटर अँपिअर खातेय, थोडं एलडी टाकू द्या ना." फुगा गार करणाऱ्या एअर रिंगची हवा जुळवून आणि स्पीड उतरवून शेवटी एक पंचमांश एलडीवर गाडी थांबली. उत्पादन थोडं घटलं, ते मालकांना अजून सलतं.

आता मटेरियल इनवर्डच्या फॉर्मवर एमएफआयच्या खाली कोमोनोमरचा रकाना आहे. तो कोरा असला तर मी गाडी खाली करू देत नाही. पर्चेसशी त्यावरून खटके उडतात, ते उडतातच.